तपासणीचं सिम

बेकरीवाला भांडायला आला असता तर चिमटाताईला बरं वाटलं असतं. भांडणाऱ्या गिऱ्हाइकाची तिला सवय होती. पण हा भला माणूस पिठाचे हात पुसत पुसत आला, चार दिवसांपूर्वी घेतलेला फोन काउंटरवर अलगद ठेवला आणि म्हणाला, "ताई, माझंच काहीतरी चुकत असेल. पण हा फोन माझं सिमच घेत नाहीये."

चिमटाताई म्हणजे गल्लीतली मोबाइल दुरुस्तीवाली. तिच्या उजव्या हातात दिवसभर बारीक चिमटा असायचा, म्हणून हे नाव पडलं होतं आणि खरं नाव विचारायच्या भानगडीत कुणी पडत नसे. पन्नाशी ओलांडलेली बाई. दुकान एवढंसं, की गिऱ्हाईक आत आलं की हिने स्टुलावर पाय वर घेऊन बसायचं. जुने फोन घ्यायचे, उघडायचे, बरे करायचे, पुसूनबिसून विकायचे, हा तिचा धंदा. आणि एक गोष्ट ती येणाऱ्याजाणाऱ्याला छातीठोकपणे सांगायची, की तपासल्याशिवाय माझ्या दुकानातून फोन बाहेर पडत नाही.

तपासायची तिची रीत ठरलेली होती. ड्रॉवरमध्ये पत्र्याची एक डबी, डबीत एक सिम. दुरुस्त झालेल्या प्रत्येक फोनात ते सिम जायचं. रेंजच्या काड्या दिसल्या, घड्याळवाल्या शेजाऱ्याला फोन लागला, तो "हां, ऐकू येतंय, आता ठेव" असं खेकसला, की फोन पास.

"बघू," असं म्हणत तिने बेकरीवाल्याच्या फोनातलं सिम काढून डबीतलं घातलं. चारही काड्या उभ्या राहिल्या. "चालतोय की हो!"

"मग माझं सिम खराब असेल," बेकरीवाला म्हणाला. त्याचा स्वभावच असा, की पाव करपला तरी भट्टीची माफी मागेल.

तिने त्याचं सिम पुन्हा घातलं. पडद्यावर ओळ आली, या फोनात हे सिम चालणार नाही, अनलॉक कोड टाका. तिने आपलं सिम घातलं. काड्या. त्याचं घातलं. पुन्हा तीच ओळ. तिसऱ्यांदा सिम बदलताना तिचा चिमटा मध्येच थांबला.

"तुमचं सिम कुठल्या कंपनीचं?"

"पिवळ्या."

डबीतलं सिम निळ्या कंपनीचं होतं. अकरा वर्षांपूर्वी तिने स्वतःचा नंबर घेतला, त्याच दिवशी, त्याच काउंटरवर तेही घेतलं होतं. चिमटाताईने कपाळावर हात मारला आणि तो बराच वेळ तिथेच राहिला.

हे फोन पाच होते. बंद पडलेल्या एका ऑफिसातून तिने एकगठ्ठा उचललेले. एकसारखे, काळे, जवळजवळ नवे. आता तिला उमगलं, की ते त्या ऑफिसने विकत घेतलेच नसणार. निळ्या कंपनीने ते करारावर दिले असणार, आणि अशा फोनाला कंपनी आतूनच कुलूप घालते. सिम आमचंच घाला, दुसऱ्याचं घातलंत तर फोन तोंड उघडणार नाही. खुल्या फोनाला हा जाच नसतो, तो कुणाचंही सिम पोटात घेतो. बाहेरून बघायला दोन्ही सारखेच. फरक कळतो तो दुसऱ्या कंपनीचं सिम घातल्यावर. आणि ही शहाणी बाई निळ्या कुलपाचे फोन निळंच सिम घालून तपासत बसली होती! आजवर तिच्याकडे आलेले फोन खुलेच निघाले हे नशीब, पण त्या नशिबाला ती इतकी वर्षं स्वतःची हुशारी समजत आली होती.

"चूक तुमची नाही, माझी आहे," ती म्हणाली आणि कपाटातला दुसरा, त्याच्यापेक्षा चांगला फोन काढून त्याचं पिवळं सिम त्याच्यासमोर घालून दाखवलं. बेकरीवाला खूश होऊन गेला. दोन काळे फोन अजून कपाटात होते. तिसरा हा. चौथा घड्याळवाल्याने घेतला होता, पण त्याचं सिम निळंच, त्याला काही फरक पडत नव्हता.

पाचवा आठवला आणि तिने हातातला चिमटा काउंटरवर ठेवून दिला.

पाचवा शिवणाच्या मावशींकडे होता.

शिवणाच्या मावशी सदुसष्ट वर्षांच्या. उभा जन्म याच गल्लीच्या टोकाला मशीनवर गेलेला. त्यांची एकुलती एक लेक चार वर्षांपासून परदेशात होती. तिचे दिवस भरत आले होते, पण रक्तदाब चढला म्हणून डॉक्टरांनी तिला पलंगावरून पाय खाली ठेवायची बंदी केली होती. जावई जहाजावर, अजून तीन आठवडे समुद्रात. तेव्हा जन्मात कधी विमानात न बसलेल्या मावशी एकट्या निघाल्या होत्या. लेक विमानतळावर न्यायला येऊ शकत नव्हती. तिने बेत आखून दिला होता, की उतरलीस की बाहेर काउंटरवरून तिथलं सिम घे, फोनात घाल, मला फोन लाव. मी टॅक्सी पाठवते आणि तू गाडीत बसेपर्यंत बोलत राहते. मावशींना तिथल्या भाषेचा एक शब्द येत नव्हता. सगळी मदार त्या फोनावर.

मावशींनी फोन घेताना तीनतीनदा विचारलं होतं, "तिथलं सिम चालेल ना गं नक्की?" आणि चिमटाताईने डबीतलं सिम घालून, काड्या दाखवून ऐटीत सांगितलं होतं, "मावशी, कुठल्याही देशातलं घाला. डोळे झाकून."

मावशी निघणार होत्या आजच. विमानतळाची बस अडीचला. भिंतीवरच्या घड्याळात पावणेदोन झाले होते.

तिने मावशींचा नंबर लावला. उचलला त्यांच्या शेजारणीने. "अहो, त्यांनी जुना फोन, सिम, सगळं माझ्याकडे ठेवलंय. घरासाठी कुणाचा फोन आला तर असावा म्हणून. त्या मघाशीच गेल्या स्टँडवर. वेळेच्या दोन तास आधी जाऊन बसायची सवय आहे ना त्यांना."

मग तिने निळ्या कंपनीला फोन केला. तिथल्या मुलीने गोड आवाजात सांगितलं, की कोड मिळेल, पण ज्यांच्या नावाने फोन दिला होता त्यांनीच अर्ज करावा लागेल आणि दहा दिवस लागतील. ऑफिस बंद पडलेलं, त्याचा मालक कुठे असेल देव जाणे. "ठीक आहे," चिमटाताई म्हणाली. काहीही ठीक नव्हतं.

कपाटात दुसरा एखादा फोन? एक होता, त्याचा आवाज फाटायचा. एकाची बॅटरी दोन तासही टिकत नव्हती. सगळ्यात चांगला तर आत्ताच बेकरीवाला घेऊन गेला होता. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि मग हातातल्या फोनाकडे पाहिलं. तिचा स्वतःचा. तीन वर्षांपूर्वी मोठ्या दुकानातून रोख मोजून घेतलेला, ठणठणीत.

"दुकानाकडे बघा जरा!" तिने घड्याळवाल्याला ओरडून सांगितलं.

"किती वेळ?"

"माहीत नाही!"

दुकानातल्या सपाता पायात तशाच होत्या. एक सपात चौकात निसटली, ती उचलून हातात घेऊन ती पळाली. धावण्याची सवय शाळेबरोबरच सुटलेली. स्टँडवर पोचेपर्यंत तिला धाप लागली होती, बरगडीखाली कळ येत होती, पण बस उभी होती. तिसऱ्या खिडकीत मावशी बसल्या होत्या, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. त्या दिसल्या आणि चिमटाताईच्या जिवात जीव आला.

"अगं बाई, तू निरोप द्यायला आलीस?" मावशींचा चेहरा खुलला. "आणि चप्पल हातात का?"

शेजारच्या सीटवर बसत चिमटाताई श्वास जुळवू लागली. खरं तर सोपं होतं. म्हणायचं, मावशी, तुम्हाला आणखी भारी फोन देते, लांबच्या प्रवासाला हा बरा. मावशी खूश, हिची अब्रू शाबूत. वाक्य अगदी जिभेवर आलं होतं. पण मावशींनी तिच्याकडे इतक्या विश्वासाने पाहिलं, की ते तिथेच विरघळलं.

"मावशी, मी तुम्हाला चुकीचा फोन दिलाय. तुम्ही तिकडे उतरल्यावर तो चालला नसता."

मावशींचा हात पर्सवर घट्ट झाला. "पण तू तर माझ्यासमोर तपासलास."

"तपासला. पण ज्या कंपनीला तो बांधलेला आहे, तिच्याच सिमने तपासला. म्हणून चालला." तिने सगळं सांगितलं, निळं, पिवळं, डबी, बेकरीवाला. मावशी ऐकत राहिल्या. त्या रडतील असं तिला वाटत होतं, ओरडल्या असत्या तर परवडलं असतं. त्या मात्र विचारात पडल्या होत्या.

"माझ्या टेपचं झालं होतं तसं झालं की हे," त्या म्हणाल्या.

"कसला टेप?"

"अगं, मापाचा. कापडी टेप होता माझा, वापरून वापरून ताणला गेलेला. मला पत्ताच नाही. त्याच टेपने माप घ्यायचे, त्याच टेपने कापड बेतायचे. कपडे अगदी अंगासरसे बसायचे. चूक मापातही तीच आणि कापडातही तीच, दिसणार कशी? मग एकदा एका बाईने दुसऱ्या गावाहून पत्राने माप पाठवलं. झगा शिवून पाठवला, तर तिच्या अंगावर नुसता लोंबत होता. मी तिलाच म्हटलं, तू वाळली असशील." मावशी गालातल्या गालात हसल्या. "कुणाला सांगितलं नव्हतं हो इतकी वर्षं. मग आता काय करायचं ते बोल."

चिमटाताईला त्यांच्या गळ्यात पडावंसं वाटलं. पण तेवढ्यात बस हलली.

"उतरायचं असेल तर आत्ता!" कंडक्टर ओरडला.

"नाही उतरायचं. एक तिकीट द्या. विमानतळ."

कंडक्टरने तिच्याकडे, मग हातातल्या सपातेकडे पाहिलं. "सामान?"

"हेच."

प्रवास सव्वा तासाचा होता. तिने आपलं सिम काढून मावशींच्या काळ्या फोनात घातलं. निळं सिम, निळा फोन, लगेच सुरू. तिच्या दृष्टीने त्या फोनाला कुलूप नव्हतंच. मावशींसाठी जो बिनकामाचा, तो हिला जन्मभर पुरला असता. फोनांची अदलाबदल इतकी सरळ बसत होती, की तिला हसू आलं.

मग तिने स्वतःचा फोन पार पुसायला घेतला. नंबर खात्यावर होते, ते परत मिळणार होते. फोटो होते, पण ते बहुतेक उघडलेल्या फोनांच्या पोटाचे, कुठला स्क्रू कुठे लावायचा ते विसरायला नको म्हणून काढलेले. वाईट वाटलं ते एकाच गोष्टीचं. रंगीत गोट्यांच्या एका खेळात ती चारशे बाराव्या पायरीवर होती.

"पुसू ना?" तिने उगीचच मावशींना विचारलं.

"पूस," मावशी म्हणाल्या.

काळ्या फोनाचं इंटरनेट घेऊन तिने पुसलेला फोन नव्याने मांडला. अक्षरं मोठी. पडद्यावर चारच चित्रं, कारण मावशींनी चार दिवस चारच पाठ केली होती. पहिलं लेकीचं. दुसरं टॅक्सीचं. तिसरं आपलं बोलणं तिथल्या भाषेत बोलून दाखवणारं. चौथं टॉर्चचं, कारण सुईत दोरा ओवायला लागतो. मावशी प्रत्येक चित्रावर बोट ठेवून बघत होत्या. एक चित्र बोटभर खाली गेलं होतं, ते त्यांनी वर घ्यायला लावलं.

"झालं," चिमटाताई म्हणाली.

"ट्रायल कुठे झाली?"

"अहो, हा मी रोख मोजून घेतलाय. हा कुणाला बांधलेला असायचं कारणच नाही."

"ते खरं. पण तू कधी दुसरं सिम घालून बघितलंस?"

दुनियेचे फोन तपासणाऱ्या बाईने स्वतःच्या फोनात तीन वर्षांत दुसरं सिम घातलेलं नव्हतं. घालायचं काय कारण? तिची खात्री होती. पण आज सकाळपर्यंत त्या पाच फोनांबद्दलही तिची अशीच खात्री होती. हाही फोन बांधलेला निघाला, तर आता दुकान मागे, विमान पुढे, आणि या बाईला लेकीपर्यंत कसं पोचवायचं?

"निळं सोडून दुसऱ्या कंपनीचं सिम आहे का कुणाकडे?" ती सीटवरून उठून ओरडली. "दोनच मिनिटं हवंय!"

बसमधले लोक एकमेकांकडे बघायला लागले. धावत्या बसमध्ये कुणी पाणी मागतं, कुणी खिडकी बंद करायला सांगतं, पण सिम मागणारी बाई त्यांनी पाहिली नव्हती. मावशी मग स्वतः उठल्या. "माझ्या लेकीचे परदेशात दिवस भरत आलेत," त्या सगळ्या बसला म्हणाल्या, "आणि मला तिकडे हाच फोन लागणार आहे. ट्रायल घेतोय."

पहिला कंडक्टरच पुढे आला. "माझं पिवळं आहे. पण हरवलंत तर बायको मला घरात घेणार नाही."

चिमट्याशिवाय ती नखानेच सिम सरकवू लागली. बस खड्ड्यातून गेली, कंडक्टरचा श्वास अडकला, पण सिम बसलं. पडद्यावर एक गोल फिरायला लागला. शोधत आहे. फिरतोच आहे. मावशींनी तिचा दंड धरला होता, तो इतका घट्ट, की तिथे वळ उमटावेत. मागच्या सीटवरचे दोघे उभे राहून डोकावत होते. गोल फिरत राहिला आणि चिमटाताईला ती मघाची ओळ डोळ्यांसमोर दिसायला लागली, या फोनात हे सिम चालणार नाही.

एक काडी आली. मग दुसरी. मग कंपनीचं नाव, पिवळ्या कंपनीचं, ठसठशीत.

चिमटाताईचा जीव भांड्यात पडला. खात्रीसाठी तिने त्याच फोनावरून कंडक्टरचाच नंबर लावला आणि त्याला विचारलं, तुमचा फोन का वाजत नाही. आपलं सिम तर तिच्याच हातातल्या फोनात आहे हे त्याने लक्षात आणून दिलं तेव्हा सगळी बस हसली. एका बाईने तिसऱ्या कंपनीचं सिम काढून दिलं, तेही चाललं. मावशी त्याच्यावरही समाधानी नव्हत्या. त्यांनी स्वतःच्या हाताने सिम काढलं, घातलं, पुन्हा काढलं, पुन्हा घातलं. चौथ्यांदा त्यांना कुणाचीही मदत लागली नाही.

विमानतळाच्या दारात त्या वळल्या. "तुझी आठवण आली तर कुठल्या चित्राला हात लावू?"

"आधी लेकीला लावा. पोचलात की मग मला. मी पाचवं चित्र करून ठेवलंय."

"म्हणजे मला नवीन पाठ करायला लावलंस," मावशी म्हणाल्या आणि आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी चिमटाताईने पिवळ्या आणि बाकी दोन्ही कंपन्यांची सिमं आणून डबीत टाकली. बेकरीवाल्याने परत केलेला धरून तीन काळ्या फोनांवर 'फक्त निळ्या कंपनीसाठी' अशी चिठ्ठी लावली. हे सगळं साडेनवापर्यंत आटोपलं आणि मग तिला काही सुचेना. विमान सकाळीच उतरलं असणार होतं. अकरा वाजले. बारा वाजले. काळा फोन तिने समोर उभा करून ठेवला होता. सिम मिळालं नसेल? काउंटर बंद असेल? फोन पर्समधून कुणी काढून घेतला असेल? एका गिऱ्हाइकाचा चार्जर तिने दोनदा उघडून दोनदा बंद केला आणि त्यात काय बिघडलं होतं ते दोन्ही वेळा विसरली. आपल्या हातून एखादी म्हातारी परक्या देशात हरवली तर काय, हे तिच्या डोक्यातून जाईना.

एक वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. लांबलचक, अनोळखी नंबर. समोर एक माणूस फुटलेली काच बदलून घ्यायला उभा होता.

"तुम्ही दुकानवाल्या ताई ना?" एक तरुण आवाज, थकलेला. "मी लेक बोलतेय. आईच्याच फोनवरून लावलाय."

"पोचल्या का?" चिमटाताईचा आवाज चिरकला.

"पोचली. टॅक्सीवाला भलत्याच दारापाशी जाऊन थांबला होता, ताई. मी तिला सहा वेळा फोन केला, तिने सहाही वेळा उचलला. मग तिने तिथल्या पोलिसासमोर फोन धरला आणि मी त्याच्याशी बोलले. तोच तिला गाडीपर्यंत घेऊन गेला. नाहीतर मी इथे पलंगावरून काय करणार होते?" मग तिचा आवाज अगदी लहान झाला. "आई आता माझ्या पायाशी झोपलीये. पायावर हात ठेवूनच झोप लागली तिला. तुमच्याशी बोलायचं म्हणत होती, उठवू का?"

"नको, नको गं. झोपू दे तिला," चिमटाताई म्हणाली. "तूही झोप."

फोन ठेवला आणि ती स्टुलावर बसली. आधी हसली, मग डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं आणि ते थांबवायचा तिने प्रयत्नच केला नाही. फुटलेल्या काचेवाला घाबरला.

"काय झालं, ताई? घरचं कुणी आहे का?"

"नाही हो," ती पदराने तोंड पुसत म्हणाली. "गिऱ्हाईक आहे. पोचलं."